गल्लीभर काढा

सेलिन तुस्कानोला ती नोकरी मिळाली, कारण तिला वास येत नव्हता. हे ती स्वतःच हसत हसत सांगायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई चेष्टा करतेय. पण ते खरं होतं.

आखातातल्या अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, गॅरेजं आणि लाकडाच्या वखारी यांच्या मधोमध, चिनी औषधी वनस्पती आयात करणारी एक छोटी कंपनी होती. पुढे काचेच्या दोन खोल्यांचं ऑफिस, मागे पत्र्याखालचं लांबलचक गोदाम. माल चीनहून जहाजाने यायचा आणि इथून दुबई, शारजा, अबूधाबीतल्या चिनी दवाखान्यांना जायचा. कागदपत्रं बघायला ठेवलेलं माणूस मात्र तिथे टिकत नसे. मुळांचा, सालींचा, वाळक्या किड्यांचा तो वास केसात बसायचा, कपड्यात बसायचा. संध्याकाळी बसमध्ये शेजारची बाई रुमाल नाकाला लावून दुसऱ्या सीटवर जायची. एक फिलिपिनो मुलगी तर जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली ती परत आलीच नाही.

सेलिन वसईकडच्या नंदाखालची. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, ग्रेगरीबरोबर, इकडे आली. तो दुबईतल्या हॉटेलात मेजवान्यांचं काम बघायचा आणि ती एका शिपिंग एजन्सीत मालाची कागदपत्रं बनवायची. शेनॉन, त्यांची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मली, इथेच वाढली. मग करोना आला. तिघंही आजारी पडली, तिघंही उठली. ग्रेगरीला पंधरवड्यात कॉफीचा वास यायला लागला, शेनॉनला तर आठवड्यातच. सेलिनचा मात्र गेला तो गेलाच. त्याच सुमारास एजन्सीही बंद पडली.

नाक गेलं म्हणजे काय गेलं हे दुसऱ्याला समजावून सांगणं कठीण. दूध नासलेलं कळत नाही. गॅस चालू राहिला तर, या भीतीने ती दहादा स्वयंपाकघरात जाऊन बघायची. जेवण म्हणजे नुसतं गरम, गार, खारट, तिखट. नाताळात तिने केलेलं डुकराच्या मटणाचं इंद्याल सगळ्यांनी बोटं चाटत खाल्लं आणि ती भिंतीकडे बघत घास गिळत राहिली. सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतो की नाही हेही कळत नसे. उन्हाळ्यात ती तीनतीनदा आंघोळ करायची आणि तरी चर्चमध्ये मागच्या बाकावर, कडेला बसायची. पहिलं वर्ष तिने वाट पाहिली. नंतर तो विषय घरात कोणी काढला तरी ती उठून जायची.

मुलाखतीला ती गेली तेव्हा मालकीणबाईंनी, लिन मॅडमनी, पहिलाच प्रश्न विचारला, "स्मेल प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम मॅडम," सेलिन म्हणाली. "मला वासच येत नाही."

लिन मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. साठीच्या आसपासची, बुटकी, पुरुषी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली बाई. उत्तर चीनमधल्या एका जुन्या औषधी बाजारात तिच्या वडिलांची पेढी होती आणि ती नाकानेच माल ओळखत लहानाची मोठी झाली होती. ती सेलिनकडे अशी बघत राहिली, जणू समोरच्या बाईला सावलीच नव्हती. मग म्हणाली, "टुमारो कम."

पहिले काही आठवडे सेलिन नुसती थक्क व्हायची. एका खोक्यात माणसासारखे दोन हात, दोन पाय फुटलेली मुळं एकमेकांना बिलगून निजलेली. दुसऱ्यात झाडावरच्या किड्यांनी अंगावरून उतरवून टाकलेली कात. डोळ्यांच्या जागी डोळे, पायांच्या जागी पाय, आत मात्र कोणी नाही. फुंकर मारली तर उडून जाईल असा तो पोकळ किडा तिने तळहातावर धरला आणि गोदाम सांभाळणाऱ्या मोहिद्दीनभाईंना विचारलं, "हे खातात?"

"उकळून पाणी पितत, बाय. आवाज बसलो की." मोहिद्दीनभाई रत्नागिरीकडचे, अर्धं आयुष्य आखातात काढलेले. नवीन पोतं फोडलं की ते तिला हाक मारायचे. एकदा त्यांनी पिवळसर काड्यांची जुडी पुढे केली. "ओळखा बघू. आपला ज्येष्ठमध! माझी आजी तोंडात धरायला द्यायची. बघा, हजारो मैलांवरून आलाय आणि वास तोच."

सेलिनने काडी हातात घेतली, उलटीपालटी केली, परत दिली. "हो का," एवढंच म्हणाली.

तिचं काम होतं नावांचं. प्रत्येक वस्तूला एक चिनी नाव, एक इंग्रजी, एक लॅटिन आणि सरकारी कागदावर एक अरबी. चारही जुळली आणि झाडपाल्याला कीड नसल्याचा दाखला सोबत असला तरच माल सुटायचा. दुर्मीळ झाडाचं मूळ चुकून आलं तर सगळी खेप अडकायची. या नावांच्या मागे लागता लागता तिला कळत गेलं की ज्येष्ठमध काय, दालचिनी काय, सुंठ काय, ही मंडळी माणसांच्या कितीतरी आधीपासून देशोदेशी फिरतायत. वाळलेल्या शेवंतीची पोती पहिल्यांदा उघडली तेव्हा ती चक्क हसली. नंदाखालच्या वाडीत तिची आई हीच फुलं पहाटे खुडून बाजारात पाठवायची, वेण्यांसाठी. इथे लोक ती गरम पाण्यात टाकून पितात, डोळ्यांना बरं म्हणून.

आणि एका डिसेंबरात उलट्या दिशेचा माल निघाला. ओमानच्या बाजूने आलेला ऊद आणि सोमालियाचा गंधरस, गोण्या भरून, चीनला पाठवायचा. सेलिनने अर्जावरची नावं वाचली आणि तिचे हात थांबले. लहानपणापासून गव्हाणीच्या देखाव्यात तीन राजांच्या हातात पुठ्ठ्याचे डबे बघितले होते, सोनं, ऊद आणि गंधरस. त्यातल्या दोन वस्तू इथे पत्र्याखाली, वजनकाट्यावर. ती उठून गोण्यांपाशी गेली आणि लिन मॅडमना बाळ येशूची आणि तीन राजांची गोष्ट सांगितली.

मॅडमनी लक्ष देऊन ऐकलं. चीनमध्ये हे दोन्ही मार लागल्यावर देतात, त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. हाड मोडलं, रक्त साकळलं की. हजार वर्षांहून जास्त काळ अरबांकडूनच घेतोय आम्ही. मग काळजीच्या सुरात विचारलं, "बेबी फॉल डाउन?"

सेलिन पोट धरून हसली. पण त्या दिवशी अर्ज भरताना तिला आपण फार मोठ्या, फार जुन्या कुठल्यातरी रांगेत उभ्या आहोत असं वाटत राहिलं.

तिचं हे गोण्यांपाशी जाऊन, नाक जवळ नेऊन उभं राहणं मॅडमच्या नजरेतून सुटलं नसावं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या सेलिनच्या टेबलावर एक चिमूट काहीतरी आणून ठेवायच्या. साल, मूळ, बी, काहीही. "यू स्मेल."

सेलिन वास घ्यायची. "नथिंग, मॅडम."

"ओके. टुमारो."

औषध म्हणून त्यांनी कधी काही दिलं नाही, आशा म्हणूनही काही बोलल्या नाहीत. पण एकही सकाळ चुकवली नाही. सेलिनला आधी राग यायचा, मग सवय झाली. महिने गेले. नथिंग, टुमारो. नथिंग, टुमारो.

मग दोन हजार चोवीसच्या एप्रिलात तो पाऊस आला. इथे जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. दिवसभर आभाळ फुटल्यासारखं कोसळत राहिलं. रस्त्यांना गटारं नाहीत, पाणी जाणार कुठे! दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि अर्ध्या शहराचं तळं झालेलं. सकाळीच मोहिद्दीनभाईंचा फोन आला. "बाय, पाणी आत शिरला. मॅडम दुबईत अडकल्या, रस्ते बंद. मी एकटा काय करू?"

"जाऊ नकोस," ग्रेगरी म्हणाला. "गाडी जाणार नाही तिकडे."

"जाईल तिथपर्यंत सोड. पुढचं बघते."

जिथे गाडी थांबली तिथून पुढे पाणीच पाणी. खडी उचलायचं एक मोठं पिवळं यंत्र, इथे ज्याला सगळे शॉवेल म्हणतात, त्याच्या पुढच्या लोखंडी सुपात माणसं बसवून ने-आण चालली होती. चालवणारा पठाण म्हणाला, "बैठो अम्मा, डरो मत." आणि सेलिन ऑफिसच्या कपड्यांत, पर्स छातीशी धरून, त्या सुपात बसली. आयुष्यात ती विमानात अनेकदा बसली होती, पण अशी कधी धडधड झाली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी शॉवेल वळलं आणि सेलिन उभीच राहिली.

सगळीकडचं पाणी मातकट होतं. या गल्लीतलं तसं नव्हतं. ते तांबूस होतं, पारदर्शक, कोऱ्या चहासारखं, आणि त्यावर फुलं तरंगत होती. गोदामाच्या खालच्या फळ्यांवरची शेवंतीची पोती फुटली होती. महिनोन् महिने चुरगळून, मिटून बसलेली ती वाळकी फुलं रात्रभर पाण्यात राहून उमलली होती, पाकळी न् पाकळी उघडून. हजारो. पांढरी, पिवळी. गॅरेजच्या दारातून, चाकं बुडालेल्या गाड्यांना वळसा घालून, एका संथ ओढीने ती वाहत होती. मधूनच लाल बोरांचा थवा यायचा, टम्म फुगलेला. संत्र्याच्या सुक्या साली मऊ होऊन उलगडल्या होत्या. वर ऊन तापत होतं आणि पाण्यावरून वाफ निघत होती.

गल्लीतली माणसं आपापल्या दारात गुडघाभर पाण्यात उभी होती. नुकसान सगळ्यांचंच झालं होतं. कोणाची लाकडं, कोणाची इंजिनं. तरी आरडाओरडा नव्हता. सेलिनने बघितलं, समोरचा मल्याळी सुतार डोळे मिटून उभा होता. शेजारचा पठाण मिस्त्री मान वर करून छाती भरून श्वास घेत होता. टायरच्या दुकानातला इजिप्शियन हिशेबनीस कोणालातरी अरबीत काहीतरी सांगत होता आणि त्याचा आवाज मऊ झाला होता.

"काय म्हणतो तो?" तिने मोहिद्दीनभाईंना विचारलं.

"म्हणतो, रमजानात त्याचे वडील ज्येष्ठमधाचा सरबत विकायचे, तसा वास येतोय. आणि तो सुतार म्हणतो, बाळंतिणीच्या खोलीसारखा. त्याच्या आईने केलेला काढा." मोहिद्दीनभाईंनी स्वतः डोळे पुसले. "बाय, अख्खी गल्ली उकळतेय बघा. काढा झालाय गल्लीचा. तुम्हाला..." आणि त्यांनी जीभ चावली.

सेलिनला काहीही येत नव्हतं. पण ती प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं काही हुकल्यासारखं वाटलं नाही. कुठल्या कुठल्या देशांतली ही राकट माणसं एकाच पाण्यात उभी राहून आपापल्या घरी गेली होती. ते तिला स्पष्ट दिसत होतं.

"यल्ला, चला," ती म्हणाली. "वरचा माल तरी वाचवू."

मोबाइलवर लिन मॅडमचा व्हिडिओ कॉल लागला. त्या दुबईतून ओरडायच्या, "धिस अप! दॅट अप! फ्लावर लीव्ह, फ्लावर खलास!" आणि सेलिन चारही भाषांतली नावं वाचून सांगायची, कुठलं खोकं आधी. कोणी न सांगता गल्लीतली माणसं पुढे आली. पठाण, मल्याळी, बंगाली. रांग लागली. हातोहात खोकी समोरच्या इमारतीच्या जिन्यावर, गच्चीवर गेली. ऊद-गंधरसाची उरलेली एक गोणी मिस्त्रीने एकट्याने खांद्यावर उचलली.

मॅडम दुसऱ्या दिवशी पोचल्या, पँट मांडीपर्यंत वर गुंडाळून, बुटांची जोडी गळ्यात अडकवून. मोहिद्दीनभाईंना वाटलं, आता बाई मोडून पडणार. त्या गल्लीच्या मध्यावर थांबल्या. वाकल्या. ओंजळीत पाणी घेतलं आणि नाकाशी नेलं.

"टी," त्या म्हणाल्या. "व्हेरी बिग टी."

आणि हसल्या. मग डोळे मिटून, त्याच ओंजळीवर वाकून त्या सावकाश बोलायला लागल्या. एक नाव. थोडा श्वास. दुसरं नाव. तिसरं. कुठल्या प्रांतातलं मूळ, कोणत्या वर्षीचं, ही साल डोंगराच्या सावलीतल्या बाजूची. एव्हाना डिझेल आणि चिखल मिसळून गढूळ झालेल्या त्या मिश्रणातून ती बाई एकेक धागा वेगळा काढत होती. जे गेलं त्यातल्या एकेकाला नावाने हाक मारत होती. सेलिन शेजारी उभी होती. ही नावं तिने शेकडो वेळा टाइप केली होती. आज ती पहिल्यांदा ऐकतेय असं तिला वाटलं.

शेवटी मॅडम तिच्याकडे वळल्या, तिचे दोन्ही हात धरून ओंजळ करायला लावली आणि त्यात पाणी भरलं. "यू स्मेल."

सेलिनने वाकून श्वास घेतला. घशात मागे कुठेतरी कडवट झालं, डोळ्यांत पाणी आलं. वास नाही.

"नथिंग, मॅडम."

"ओके," मॅडम म्हणाल्या. "टुमारो."

पुढचा आठवडा सगळा निस्तरण्यात गेला. भिजलेला माल नियमाप्रमाणे नष्ट करायचा होता. अधिकाऱ्यांसमोर तो ट्रकांत भरला गेला. सेलिन रोज चिखलात माखून घरी यायची, शेनॉन दारातच म्हणायची, "ममा, शॉवर फर्स्ट, प्लीज. यू स्टिंक."

त्या शुक्रवारी संध्याकाळी ती न्हायला बसली. गरम पाणी डोक्यावर घेतलं, केस पुढे घेऊन पिळले आणि एकदम तिला वाटलं, न्हाणीघरात कोणीतरी आलंय. तिने दचकून मागे बघितलं. दार बंद. पुन्हा तेच. कोणीतरी अगदी जवळ, गालापाशी. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने केसांची ती ओली बट दोन्ही हातांनी नाकावर दाबली.

कडू, गोड, मातीचं, जुनं. मुळाचं.

ती इतक्या जोरात ओरडली की ग्रेगरी धावत आला. "पडलीस का? सेलिन! दार उघड!"

अंगाला टॉवेल गुंडाळून तिने दार उघडलं आणि केस त्याच्या तोंडावर धरले. "खरं सांग. येतोय ना वास? मला भास नाही ना होत?"

ग्रेगरी बघतच राहिला. "येतोय गं बाई. आठवडाभर घरात बसवत नाहीये त्या वासाने." आणि मग त्याला ती काय विचारतेय ते उमगलं. तो तिथेच, ओल्या फरशीवर, मटकन बसला. शेनॉन धावत आली, दोघांना रडताना बघून घाबरली. "व्हॉट हॅपन्ड? ममा, व्हॉट हॅपन्ड?"

त्या संध्याकाळी सेलिन घरभर हुंगत फिरली. साबण, काही नाही. कांदा, काही नाही. ग्रेगरीचा शर्ट, शेनॉनची उशी, काही नाही. स्वतःच्या घरातलं काही येत नव्हतं आणि कधी न पाहिलेल्या डोंगरातलं मूळ येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर सालीचा तुकडा आला. तिने नाकाशी नेला आणि मॅडमकडे बघून नुसती होकारार्थी मान हलवली. लिन मॅडम आत गेल्या, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

बाकीचे वास एकेक करून आले, काही नीट, काही वेडेवाकडे. कांदा परतल्याचा आला तेव्हा तिने शेजाऱ्यांनाही बोलावून जेवू घातलं. कॉफी अजूनही जळक्या रबरासारखी येते, परफ्यूम तर सहनच होत नाही. डॉक्टर म्हणाले, नस हळूहळू जुळतेय, का आणि कशी हे आम्हीही सांगू शकत नाही. औषधी मुळांमुळे झालं असं तिने कधी म्हटलं नाही, कोणी म्हणालं तर ती खांदे उडवते. बस तिने सोडली, कारण आता तिला स्वतःचाच वास येतो. मोहिद्दीनभाईंच्या पुतण्याच्या गाडीतून, काचा उघड्या ठेवून, ती येते-जाते.

पावसाने झालेल्या नुकसानीनंतर मॅडम धंदा गुंडाळतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी नवा माल मागवला. उन्हाळ्याच्या शेवटी कंटेनर दारात लागला. तपासणीला आलेली अधिकारी अरफा नावाची तरुण इमिराती मुलगी होती, अंगात काळा अबाया, हातात टॅबलेट, हिंदी अगदी सफाईदार. तिने सील तपासलं, आकडा जुळवला. मोहिद्दीनभाईंनी लोखंडी दांडा वर उचलला, पण दार लगेच उघडलं नाही, रबर घट्ट चिकटलेलं. सगळ्यांनी मिळून ओढलं.

दार सुटलं आणि आतली हवा बाहेर आली.

सेलिन त्या हवेच्या वाटेत उभी होती. थंड नव्हती ती हवा, पण इथली नव्हती. जिथे ते दार लावलं गेलं तिथली होती. तिथल्या धुळीची, तिथल्या शेतावरून आलेल्या वाऱ्याची, खोकी रचणाऱ्या माणसांनी ओढलेल्या तंबाखूची, आणि त्या सगळ्याच्या खाली खोल, ओलसर, हजारो मुळांचा एकत्र झोपेतला श्वास. समुद्रावरून इतके दिवस बंद राहून ती हवा तशीच्या तशी इथे आली होती आणि आता या तापलेल्या गल्लीत विरत होती. सेलिनला वाटलं, हात पसरून अडवावी.

अरफा टॅबलेट खाली करून उभी राहिली. "आंटी, ये क्या है?" तिने हळू आवाजात विचारलं. "कौनसी चीज़ की खुशबू है ये?"

सेलिनला यादीतली सगळी नावं तोंडपाठ होती.

"रुको बेटा," ती म्हणाली. "पहले खुशबू ले लो. नाम बाद में बताती हूँ."

आणि दोघी दारात तशाच उभ्या राहिल्या.